रंगकाम झालं, नवी बॅटरी बसली, तरी सेल्फ 'टक्' करून थांबतो: जुन्या एसयूव्हीतला अर्थिंगचा दोष

घरच्या घरी जुनी एसयूव्ही पुन्हा उभी करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार इंजिनाची नसते, गिअरबॉक्सचीही नसते. चेसिस घासून रंगवली, बॉडी परत चढवली, वायरिंग जोडलं, चावी फिरवली आणि सेल्फने एकदा 'टक्' केलं, बस. मग नवी बॅटरी येते. तरीही तेच. मग दुसरा सेल्फ येतो. थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिल्यासारखंच. मी हा दोष इतक्या गाड्यांत काढला आहे की आता रंग नवा दिसला की आधी अर्थिंगचे बोल्टच खोलून बघतो. बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतो, सेल्फमध्ये नसतो. तो त्या सुंदर नव्या रंगाखाली असतो.

कारण साधं आहे. बॅटरीच्या प्लसकडून निघालेला करंट सेल्फमधून जाऊन मायनसकडे परत यायला हवा. परतीच्या वाटेवर वेगळी वायर फारशी नसते. गाडीचं लोखंडच ती वाट असतं, आणि या परतीच्या जोडणीलाच अर्थिंग म्हणतात. पण शिडीसारखी चेसिस असलेल्या जुन्या एसयूव्हीत इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि बॉडीसुद्धा रबराच्या गाद्यांवर. रबरातून करंट जात नाही. म्हणजे इंजिन, चेसिस आणि बॉडी ही विजेच्या दृष्टीने तीन वेगळी बेटं आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या असतात फक्त दोन-तीन अर्थिंगच्या पट्ट्या. रिस्टोरेशनमध्ये त्या सगळ्या निघतात. परत बसवताना एखादी राहून जाते, एखादी रंगावरच आवळली जाते. प्रायमर, इनॅमल, पावडर कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, यातलं काहीही करंट वाहून नेत नाही.

आकड्यात सांगतो. पेट्रोल इंजिनाचा सेल्फ साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. २०० अँपिअरच्या वाटेत एका सांध्यावर फक्त ०.०१ ओहमचा रोध असला, तरी तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात आणि त्या सांध्यावर ४०० वॅट उष्णता तयार होते. १२ व्होल्टच्या गाडीत २ व्होल्ट गेले तर सेल्फ रडतच फिरणार.

लक्षणं

खालच्यातली दोन-तीन एकत्र दिसली तर अर्थिंगचा संशय पक्का धरा.

- चावी फिरवल्यावर एकच 'टक्', किंवा सेल्फ आळसावून फिरतो. बॅटरी मात्र चार्ज केलेली आहे.
- कधी पहिल्या फटक्यात सुरू, कधी अजिबात नाही. गाडी जरा हलवली किंवा टर्मिनल ठोकलं की सुरू.
- हेडलाइट लावल्याबरोबर इंधनाचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदम हलतात.
- इंडिकेटरच्या तालावर दुसरेच दिवे मंद उघडझाप करतात, किंवा ब्रेक दाबला की मागचे नको ते दिवे लुकलुकतात.
- वायपर जड चालतो, हॉर्न घोगरा वाजतो, हेडलाइट पिवळट दिसतात.
- सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम होते.

शेवटचं लक्षण दिसलं तर पुढे सेल्फ मारूच नका. इंजिनाची मुख्य पट्टी तुटलेली किंवा बसवायची राहिलेली असते, आणि करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. बारीक स्टीलची केबल सेल्फच्या करंटसाठी बनलेली नाही. ती आतल्या आत वितळून अडकते. अॅक्सिलरेटरची केबल अडकली तर काय होईल ते सांगायला नको.

'टक् टक् टक् टक्' असा भराभर आवाज येत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे सहसा बॅटरीच उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल ढिलं असतं: सोलेनॉइड (सेल्फला जाड करंट जोडून देणारा, विजेवर चालणारा स्विच) खेचला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा खेचला जातो. आणि चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज, इग्निशन स्विच आणि ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल स्विच बघा.

हात लावण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले. पुढच्या चाचण्यांत सेल्फ फिरायला हवा पण इंजिन सुरू व्हायला नको. म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची फीड वायर काढा, डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा किंवा ओढायची स्टॉप केबल असेल तर ती ओढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवा, हातात अंगठी किंवा कडं नको. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. टर्मिनलवर तार आपटून ठिणगी बघायची जुनी सवय सोडून द्या. त्यातून काही कळत नाही आणि बॅटरी फुटू शकते.

टर्मिनल काढताना अर्थची बाजू आधी काढायची, लावताना ती शेवटी लावायची. तसं केलं म्हणजे प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. फार जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला असतो. तुमची गाडी तशी असेल तर खाली जिथे मायनस म्हटलं आहे तिथे अर्थची बाजू समजा आणि मल्टिमीटरचं उणे चिन्ह मनावर घेऊ नका. काही डिझेल एसयूव्ही २४ व्होल्टवर चालतात. त्यांना इथले बॅटरीचे आकडे लागू नाहीत.

१. टर्मिनल हाताने हलवून बघा

खर्च शून्य. क्लॅम्प बोटांनी फिरवला आणि हलला तर दोष तिथेच सापडला. क्लॅम्प घट्ट असला तरी उघडाच, कारण शिशाच्या खांबावर आणि क्लॅम्पच्या आतल्या बाजूला काळपट थर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पांढरी-निळसर भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. फेस येतो, आम्ल मरतं. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. हे मी मीटर काढायच्या आधी करतो. निम्मे त्रास इथेच संपतात.

२. बॅटरी खरंच भरलेली आहे का

नवी आहे म्हणून भरलेली आहे असं नसतं. रिस्टोरेशनच्या काळात गाडी महिनोन्महिने उभी असते आणि बॅटरी कोपऱ्यात पडून उतरते. काही तास विश्रांती दिलेली बॅटरी, हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद केल्यावर, १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं कुठलंच माप भरवशाचं नाही.

मग सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या दोन खांबांवर व्होल्टेज बघा. ही एक चाचणी पुढची दिशा ठरवते:

- ९.६ च्या खाली कोसळलं: बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ अथवा इंजिन जाम असल्यामुळे करंट प्रमाणाबाहेर ओढला जातो आहे.
- साडेदहा-अकराच्या आसपास राहिलं आणि सेल्फ जोमात फिरला: सगळं ठीक.
- १२ च्या वरच राहिलं आणि सेल्फ फिरला नाही किंवा कण्हला: बॅटरी द्यायला तयार आहे, वाट अडलेली आहे. पुढे वाचा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल तपासा. एका सेलचं माप बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून जास्त कमी असेल तर तो सेल गेलेला आहे, बॅटरी बदलावी लागेल.

३. जम्पर केबलची चाचणी

मला या सगळ्यात हीच सर्वांत आवडते, कारण तिला मीटरही लागत नाही. जम्पर केबलची एक वायर घ्या. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरा इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूला: इंजिन उचलायचा हुक किंवा जाड ब्रॅकेटचा बोल्ट चालतो. बॅटरीकडचं टोक आधी आणि इंजिनाकडचं नंतर जोडा, म्हणजे ठिणगी पडलीच तर बॅटरीपासून लांब पडेल. इंधनाच्या नळीजवळ चिमटा लावू नका.

आता सेल्फ मारा. जोरात फिरला? तर बॅटरी, प्लस केबल, सोलेनॉइड, सेल्फ, सगळे निर्दोष आहेत आणि इंजिनाचं अर्थिंग खराब आहे. नवा सेल्फ मागवला असेल तर रद्द करा. फरक पडला नाही तर मात्र लगेच अर्थिंगला सोडून देऊ नका; बाजारातल्या हलक्या जम्पर केबल आतून इतक्या बारीक असतात की डिझेलच्या सेल्फचा करंट त्यांना झेपत नाही.

हाच चिमटा इंजिनावरून काढून बॉडीच्या उघड्या धातूला लावला आणि हेडलाइट एकदम पांढरे झाले, तर बॉडीची पट्टीही करावी लागणार.

४. चालू करंटवर व्होल्टेज ड्रॉप

इथे बरेच जण मल्टिमीटर ओहमवर लावून केबलचा रोध मोजतात. शून्य येतो आणि केबल चांगली आहे असं समजून पुढे जातात. हे माप फसवं आहे. मीटर केबलमधून अगदी इवलासा करंट सोडतो. पन्नास तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी तो पार होतो. साकवावरून एक माणूस गेला म्हणून त्यावरून ट्रक जाईल असं होत नाही. म्हणून माप नेहमी सेल्फ फिरत असताना, व्होल्टवर घ्यायचं; वाटेत जे व्होल्ट खाल्ले जातात तोच ड्रॉप. आणि मल्टिमीटर अँपिअरच्या रेंजवर ठेवून सेल्फच्या वाटेत मध्ये कधीही जोडायचा नाही. त्याची १० अँपिअरची मर्यादा सेल्फ क्षणात ओलांडतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर. लाल सुई सेल्फच्या बॉडीवर किंवा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सहकारी सेल्फ मारेल तेवढ्यात आकडा वाचा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फची गुंडाळी तापते.

०.२ व्होल्टपर्यंत आलं तर उत्तम. ०.३ चालेल. ०.५ च्या वर गेलं तर दोष नक्की. मग लाल सुई एकेक सांधा मागे आणत जा: इंजिनवरची पट्टी, तिचं चेसिसवरचं टोक, उघडी चेसिस, बॅटरीच्या केबलचं चेसिसवरचं टोक, शेवटी क्लॅम्प. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम खाली येतो, त्यांच्या मधला सांधा आजारी. अंदाज लावायची गरजच राहत नाही, म्हणून हे माप शिकून घ्या.

प्लस बाजूलाही तसंच: लाल सुई बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. सोलेनॉइड धरून मोजलं तर ०.५ पर्यंत ठीक. मात्र सेल्फ फिरत नसताना सोलेनॉइडच्या पलीकडे मोजलं तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतील. त्याचा अर्थ फक्त संपर्क उघडे आहेत एवढाच.

सगळे सांधे शून्य दाखवतात आणि सेल्फही फिरत नाही, तर खूश होऊ नका. करंटच वाहत नसेल तर ड्रॉप दिसणार कुठून? तेव्हा सातव्या चाचणीकडे जा.

५. अर्थिंगचे सांधे नीट करणं

सांधा सापडला, आता तो असा करा की पुन्हा उघडावा लागू नये. बोल्ट काढा. केबलचा लग (टोकाची भोक असलेली धातूची पट्टी) जेवढी जागा व्यापतो तेवढा रंग पूर्ण खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासा. कडेने थोडा राहिला तर चालेल असं म्हणू नका. लगचा सपाट भाग पूर्ण टेकायला हवा. लगही घासा, त्यावर ऑक्साइडचा थर असतो. बोल्टच्या आट्यांत रंग गेला असेल तर त्यात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या, नाहीतर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण लग दाबला जात नाही.

लग थेट लोखंडावर ठेवायचा. वॉशर लगच्या वर, लग आणि लोखंड यांच्या मध्ये कधीच नाही. वर दातेरी वॉशर घातला तर बोल्ट ढिला होत नाही. घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून, चारही बाजूंनी, रंगाचा हात किंवा पेट्रोलियम जेली लावा. आधी सांधा, मग रंग. क्रम उलटा झाला की हा सगळा उपद्व्याप पुन्हा करावा लागतो, आणि रिस्टोरेशनमध्ये क्रम नेमका उलटाच होतो. ज्यांची चेसिस अजून रंगवायची आहे त्यांनी अर्थिंगच्या जागांवर आत्ताच मास्किंग टेप लावून ठेवावा.

तीनही बेटं जोडली गेली का ते मोजून घ्या: बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन किंवा गिअरबॉक्स, चेसिस किंवा इंजिन ते बॉडी. काही गाड्यांत बॅटरीची केबल सरळ इंजिनावर येते. ती मांडणी मला जास्त पसंत आहे, कारण सेल्फच्या वाटेतला एक सांधा कमी होतो. मूळ मांडणी काहीही असो, एक जादा पट्टी टाकल्याने नुकसान काही नाही. मागच्या दिव्यांची अर्थिंग वेगळ्या बारीक स्क्रूवर असते, तीही बघा.

६. केबलच्या आत

सांधे चकचकीत केले तरी ड्रॉप तसाच राहिला, तर केबल आतून सडलेली आहे. लगजवळचं प्लास्टिक सोलून बघा. तांबं लालसर दिसायला हवं. हिरवं किंवा काळं, हाताने भुगा होणारं असेल तर ती केबल कापून पुन्हा जोडायचा मोह टाळा, कारण गंज आवरणाखालून लांबवर गेलेला असतो. पूर्ण बदला.

नवी केबल मूळ केबलपेक्षा बारीक नको, आणि लांबी वाढत असेल तर जाडी वाढवा. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच करंट-वाहक आहे आणि गंजतंही लवकर. एक तार खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर परत करा. बजेट कमी आहे म्हणून पैसे वाचवायचे असतील तर सीट कव्हरवर वाचवा, इथे नको. लग पक्कडीने चेपू नका. योग्य मापाच्या दाबयंत्रावर दाबून घ्या. वायरिंगवाल्याकडे हे काम काही मिनिटांचं असतं.

७. सोलेनॉइडची बारीक वायर आणि सेल्फ स्वतः

सहकाऱ्याने चावी 'स्टार्ट'ला धरलेली असताना सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर व्होल्टेज बघा. ते बॅटरीच्या त्या वेळच्या व्होल्टेजच्या जवळपास हवं. एक-दीड व्होल्टहून जास्त कमी असेल तर इग्निशन स्विचचे घासलेले संपर्क किंवा मधले कनेक्टर जबाबदार. जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून फिरून येतो. तिथे मध्ये एक रिले बसवला की स्विचवरचा भार जातो.

व्होल्टेज पूर्ण आहे, 'टक्' ऐकू येतो, दोन्ही बाजूंचे सांधे चांगले आहेत, तरी फिरत नाही: आता सेल्फ दोषी धरायला हरकत नाही. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेले असतील किंवा कार्बन ब्रश संपले असतील. सकाळी थंड असताना फिरतो आणि लांब पल्ल्यानंतर गरम झाल्यावर फिरत नाही, हेही सेल्फकडेच बोट दाखवतं, विशेषतः तो सायलेन्सरच्या पाइपजवळ असेल तर. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. तापलेल्या, झिजलेल्या सेल्फला तेवढंही जड जातं.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी घरी करू नका.

बॅटरी फुगलेली आहे, चिरलेली आहे, किंवा तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आहे: चार्जिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि ती बदलायला द्या. फ्यूज घातला की पुन्हा उडतो, किंवा वायरचं आवरण मऊ पडलं आहे, जळका वास येतो आहे: मायनस काढून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठा फ्यूज घालून बघणं म्हणजे गाडी जाळण्याची तयारी. इंजिन पान्याने, क्रँक पुलीच्या बोल्टवर, हाताने फिरत नाही: सेल्फचा प्रश्नच नाही. इंजिन जाम आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी, डिझेल असं काही भरलं आहे, आणि सेल्फचा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकेल. ते मेकॅनिकचं काम. एअरबॅगच्या वायरिंगला, सहसा ते पिवळ्या आवरणात असतं, अर्थिंग शोधताना हात लावू नका. सेल्फ खोलून ब्रश आणि बुश बदलणंही, कधी केलं नसेल तर, सेल्फ दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

चेसिसवर वेल्डिंग अजून बाकी असेल तर त्याआधी बॅटरी पूर्ण सोडवा, अल्टरनेटरच्या वायरी काढा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. आणि चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची पद्धत वापरू नका. व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या: विश्रांतीतलं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, मायनस बाजूचा ड्रॉप, प्लस बाजूचा ड्रॉप, सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवरचं माप. कुठले सांधे साफ केले तेही लिहा. एवढं हातात असलं की तो बॅटरी बदलून बघू या असं म्हणत सुरुवात करणार नाही, थेट दोषावर येईल.